मागच्या चाकातून पाझरणारे तेल

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या मागच्या उजव्या टायरवर, आतल्या बाजूने, काळसर ओला पट्टा दिसला तेव्हा पहिली शंका ब्रेक ऑइलची आली. बोटाला लावून पाहिल्यावर ती फिटली. ब्रेक ऑइल पातळ असते आणि पाण्याने धुऊन निघते. हे दाट आणि चिकट होते, शिवाय त्याला गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास होता. म्हणजे डिफरन्शियलमधले (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यातले) तेल ॲक्सलच्या नळीतून हबपर्यंत (चाक ज्यावर बसते त्या भागापर्यंत) येऊन, सील (तेल अडवणारी रबरी कडी) ओलांडून ब्रेक ड्रममध्ये उतरत होते. अशी गळती थोडीच आहे म्हणून चालढकल करू नये, कारण लायनर (ब्रेकमध्ये ड्रमवर घासणारा थर) तेलात भिजले की त्या चाकाच्या ब्रेकचा भरवसा उरत नाही आणि जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाते.

हेच सील काही महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदलून घेतले होते. त्यामुळे या वेळी सीलला दोष देण्याआधी ते इतक्या लवकर का गेले, हे शोधायचे ठरवले.

तेल गरम असताना नीट निथळते म्हणून गाडी थोडी फिरवून आणली. पुढच्या चाकांना ठोकळे लावले, मागचा ॲक्सल जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवला आणि हँडब्रेक सोडला. निचऱ्याच्या बोल्टआधी तेल भरण्याचा बोल्ट उघडावा, कारण तोच जाम असेल तर रिकाम्या केलेल्या डिफरन्शियलमध्ये तेल भरता येत नाही. तो सैल होताच आतून ‘फुस्स’ असा हवेचा आवाज आला आणि कारण तिथेच कळले. ॲक्सलच्या वर बसवलेल्या ब्रीदरची (आतली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या छोट्या वाटेची) टोपी वाळलेल्या चिखलाने घट्ट बुजली होती. चालताना तेल तापते, आतली हवा प्रसरण पावते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. उलट, तापलेला ॲक्सल ओढ्याच्या पाण्यात शिरला तर आतली हवा आकसून पाणी ओढून घेते आणि तेल दुधाळ होते.

माझ्या गाडीचा ॲक्सल फुल-फ्लोटिंग प्रकारचा आहे, म्हणजे शाफ्ट फक्त चाक फिरवतो, गाडीचे वजन पेलत नाही. फ्लँजचे (शाफ्टच्या टोकाच्या चकतीचे) बोल्ट काढून शाफ्ट ओढून घेतला, मग बेअरिंगचे नट सोडून हब बाहेर काढला. जिथे सीलची ओठासारखी कडा फिरते त्या जागेवरून नख फिरवले, तर ते एका बारीक चरात अडकले. अशा चरावर नवे सीलही फार टिकत नाही. तिथे पातळ स्लीव्ह (धातूची बारीक नळी) चढवली, सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवली, कडेला तेलाचे बोट फिरवले आणि सील सपाट लाकडी तुकड्यावर हलके ठोके देत, कुठेही तिरपे न होऊ देता बसवले. बेअरिंगचे नट मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणेच आवळले, कारण बेअरिंगमध्ये ढिलाई राहिली तर हब डुलतो आणि सील पुन्हा एका बाजूने झिजते.

तेलात मुरलेले लायनर कितीही पुसले तरी तापल्यावर पुन्हा तेल सोडते, म्हणून दोन्ही बाजूंचे ब्रेक शू (ज्यांवर लायनर बसवलेले असते ते भाग) नवे घातले आणि ड्रम ब्रेक क्लीनरने धुतला. ब्रीदर नवा बसवून त्याची रबरी नळी चॅसिसवर उंच नेली. शेवटी तेल भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंतच तेल घातले, त्यापेक्षा जास्त नाही. लांबची फेरी झाल्यावर टायरची आतली बाजू कोऱ्या कागदाने पुसून पाहिली. कागदावर फक्त धूळ आली.