दीड सूत

पावसाळा आला की आमचं न्हाणीघराचं दार फुगतं. यंदा ते लागेचना, म्हणून सुताराला बोलावलं. त्यानं कडेवरून बोट फिरवलं, एक डोळा मिटून चौकट न्याहाळली आणि म्हणाला, "काकू, दीड सूत काढावं लागंल."

रंधा सुरू झाला, आणि माझं डोकंही. ८ सूत म्हणजे १ इंच, हे मला ठाऊक होतं. घर बांधताना तीन सुती, चार सुती सळयांची बिलं मीच तपासली होती. पण तेव्हा लक्ष आकड्यांकडे होतं, शब्दाकडे कुठलं!

माझ्या लेखी सूत म्हणजे टकळीचं. शाळेत सूतकताईचा तास असायचा. बाकीच्या मुलींची टकळी भिंगरीसारखी फिरे. माझी दोन गिरक्या घेई, धागा तोडी आणि बाकाखाली पळे. पेळूतून निघे ते एका जागी सुतळीएवढं जाड आणि पुढे बोटभर नुसता भास. बाईंनी एकदा ते खिडकीशी धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "या सुतावरून मात्र स्वर्ग गाठू नकोस हं."

खोड तीच होती, ती काही गेली नाही. आजोबांच्या सूतशेखराच्या गोळीत बारीक दोरा असणार, अशी माझी खात्री होती. कर्ण सूतपुत्र, म्हणजे विणकराच्या घरचा. मग त्यात एवढं हिणवण्यासारखं काय, हे कळत नसे. पुढे समजलं की औषधातलं सूत म्हणजे पारा आणि कर्णाचा सूत म्हणजे सारथी. टकळीच्या सुताशी दोघांचंही नातं नाही. वाईटच वाटलं. एका आडनावाच्या माणसांनी निदान ओळख तरी दाखवावी.

सख्खा निघाला तो सुतार. मूळ सूत्रधार, दोरी धरणारा. गेरूत भिजवलेली दोरी लाकडावर ताणायची, चिमटीत उचलून सोडायची. लाल रेघ उमटते, तिच्यावरून करवत. नाटकातल्या सूत्रधाराला पहिला प्रवेश मिळाला, याला रोजंदारी. 'शिवणं'सुद्धा याच घरातलं, धातू 'सिव्'. आणि दोन माणसांचं सूत जमतं ना, तेही मला कापसापेक्षा लाकडातलंच वाटतं: दोन फळ्या एकमेकींना बरोबर भिडलेल्या. पुरावा मागू नका.

हे सगळं मी त्याला उभ्या उभ्या सांगितलं. तो हं हं करत रंधा मारत राहिला. दार लावून पाहिलं तर अलगद लागलं, आणि तितक्याच अलगद उघडलं.

"बोलण्याच्या नादात अडीच सूत गेलं जणू," तो म्हणाला. "असू द्या. पुढच्या पावसात फुगून बसंल बरोबर."

तोवर फटीत वर्तमानपत्राची घडी खोचली आहे. रविवारची पुरवणी. नेमकी बसते.