सातवा डिफेन्समन: माझा अनुभव

मी कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला वाढलो, घर मूळचं नाशिकचं. गेल्या सीझनला ओंटारिओत आइस हॉकीच्या ज्युनिअर ए टीममधे, म्हणजे तरुण मुलांच्या वरच्या स्तरावरच्या टीममधे, डिफेन्सला होतो, म्हणजे गोल वाचवणाऱ्या फळीत. ट्रायआउट, मेडिकल, टीमच्या कार्डवर सही (नोंदणी) हे सगळं पटापट झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडकलो ते त्याच्यापुढे.

मॅचला 18 स्केटर आणि 2 गोली (गोलकीपर) ड्रेस होतात, म्हणजे खेळायला तयार होतात, स्केटरमधे बहुतेक कोच 12 फॉरवर्ड (पुढे हल्ला करणारे) आणि 6 डिफेन्स ठेवतात, आणि मी सातवा. दुखापत नाही, आजारी नाही तरी बाहेर, त्याला हेल्दी स्क्रॅच म्हणतात. हा शब्द मला अजून ऐकवत नाही.

बसण्यापेक्षा वाट बघणं जास्त वाईट. मॅच साडेसातला, आम्ही साडेपाचला रिंकवर, आणि नावं सहाला ड्रेसिंग रूममधल्या व्हाइटबोर्डवर, तोपर्यंत कोणी काही बोलायचं नाही. म्हणजे दुपारचं जेवण, झोप, स्केट्सना धार, स्टिकला टेप सगळं आज खेळायचंय म्हणून करायचं आणि मग बोर्डवर डिफेन्सच्या तीन जोड्या दिसतात, त्यात आपण नाही, की परत सूट चढवून वर प्रेक्षकांत जाऊन बसायचं. जानेवारीत एकदा बाबा हाफ डे टाकून बर्फात 401 हायवेवरून दोन तास गाडी चालवत आले, आई डब्यात थालीपीठ घेऊन आलेली, आणि मी त्यांना पार्किंगमधे गाठून सांगितलं की आज नाहीये. बाबा म्हणाले, "असू दे रे, आलोय तर मॅच बघून जाऊ." त्या दिवशी कोचचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. दुपारी एक मेसेज टाकायला किती वेळ लागतो? सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला सहाऐवजी बाराला कळलं तर टीमचं काय बिघडतं?

जे या जागी अडकलेत त्यांना सांगतो, "मी का खेळत नाही" असं कोचला विचारू नका. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "मेहनत करत राहा" एवढंच. तिसऱ्यांदा विचारलं की कुठल्या दोन गोष्टी सुधारल्या तर सहाव्याच्या जागी मला ठेवाल, तेव्हा त्यांनी लॅपटॉप उघडला आणि माझ्याच शिफ्ट, म्हणजे बर्फावरच्या माझ्या पाळ्या, व्हिडिओवर दाखवल्या. समोरच्यांनी पक (हॉकीची चपटी रबरी चकती) आमच्या कोपऱ्यात टाकला की मी खांद्यावरून मागे न बघताच तो आणायला जायचो, आणि फोरचेकर, म्हणजे पक हिसकायला धावून येणारा समोरचा खेळाडू, अंगावर आला की घाईत बोर्ड्सवरून (रिंकच्या कडेच्या भिंतीवरून) कसाही मारायचो. दुसरी गोष्ट पेनल्टी किल, म्हणजे आपला खेळाडू शिक्षेत बाहेर असताना कमी माणसांत बचाव करणं, त्यात मी स्टिक पासच्या लाइनमधे ठेवतच नव्हतो.

मग मॉर्निंग स्केटनंतर (सकाळच्या सरावानंतर) बर्फावर थांबायला लागलो, बॅकअप गोलीला सांगितलं की तू ओरड, व्हील (पक घेऊन गोलमागून वळ), रिव्हर्स (उलट दिशेला दे) की रिम (बोर्ड्सवरून फिरवून मार), आणि मी दोनदा मागे बघितल्याशिवाय पकला हात लावणार नाही. रोज पंधरावीस मिनिटं. एक राहिलंच, मी लेफ्टी (डाव्या बाजूने स्टिक धरणारा) आणि आमच्याकडे लेफ्टी भरपूर, म्हणून उजव्या बाजूला खेळायची तयारी दाखवली. तिथे बोर्ड्सवरून येणारा पक बॅकहँडवर (स्टिकच्या उलट्या बाजूला) येतो, आधी फार अवघड जातं, पण जागा तिथेच मोकळी असते. हे मी सप्टेंबरमधेच करायला हवं होतं.

बाबा सारखे एनएचएल, म्हणजे सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगमधल्या, डिफेन्समन मार्क जिओर्दानोचं उदाहरण द्यायचे. टोरंटोचाच, ड्राफ्टमधे (नव्या खेळाडूंच्या निवडीत) कोणी घेतलं नाही, कॅल्गरीच्या टीममधे पक्की जागा मिळेना म्हणून 2007 ला मॉस्कोत जाऊन एक सीझन खेळला, परत आला, आणि 2019 ला सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी. मला तेव्हा ते ऐकायचं नसायचं. आता पटतं.

फेब्रुवारीत एक फॉरवर्ड आजारी पडला, कोचने 11 फॉरवर्ड आणि 7 डिफेन्स ठेवले आणि मी आत. पहिल्या पिरिअडला जेमतेम तीन शिफ्ट. तिसऱ्यात आम्हाला एका गोलची आघाडी आणि आमच्यावर पेनल्टी लागली तेव्हा बेंचवरून माझं नाव आलं, एक शॉट पायावर घेतला, पक बाहेर काढला. त्यानंतर सीझन संपेपर्यंत एकही मॅच चुकली नाही.

आता सातवा दुसरा मुलगा आहे. सहा वाजता तो बोर्डकडे निघाला की मी त्याच्याबरोबर जातो.