दोन श्वासांचा खंड

स्लीप लॅबमध्ये मी रात्रपाळीची तंत्रज्ञ. त्या रात्री आला सात वर्षांचा मुलगा. चिठ्ठीवर लिहिलेलं: एका जागी बसत नाही, वर्गात लक्ष नाही, अजून अंथरूण ओलं करतो. बाबा म्हणाले, "मॅडम, घोरतो थोडाफार, पण झोप एकदम गाढ. कानाशी ढोल वाजवा, उठणार नाही." टॉन्सिल फारसे मोठे नव्हते, मग स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास नोंदवायची तपासणी, हवीच कशाला, असा त्यांचा सूर. टॉन्सिल किती मोठे दिसतात यावरून झोपेत श्वास अडण्याचा आजार किती हे ठरत नाही, हे त्यांच्या गळी उतरवायला डॉक्टरांना बराच वेळ लागला असणार. शिवाय झोप बिघडली की मोठी माणसं दिवसा पेंगतात. मुलं बऱ्याचदा उलट धुडगूस घालतात.

डोक्याला पेस्ट लावून इलेक्ट्रोड, नाकाखाली नळी, छातीला एक आणि पोटाला एक पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा सेन्सर. "मी रोबोट झालो का?" एवढं विचारून स्वारी झोपली. आई शेजारच्या कॉटवर.

दोन वाजेपर्यंत काही नाही. घोरणं हलकं, ऑक्सिजन ९७. कॅमेऱ्यात तेवढं खटकत होतं: तोंड उघडं आणि मान पार मागे टाकलेली. तशी नोंद केली आणि वाट बघत बसले. मुलांच्या बाबतीत अर्ध्या रात्रीवर निकाल द्यायचा नसतो.

साडेतीनला डोळ्यांच्या रेघा नाचायला लागल्या. रेम झोप, स्वप्नांची. ती उत्तररात्री जास्त असते आणि तिच्यात घशाचे स्नायू सैल पडतात. घोरणं एकदम थांबलं. नाकाची रेघ सपाट. पट्टे मात्र जोरात चालू: पोट वर येतंय, तेव्हा छाती आत ओढली जातेय. पट्टेही थांबले असते तर मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाही म्हटलं असतं. इथे हुकूम सुटत होता, वाट बंद होती.

मोठ्यांमध्ये श्वास १० सेकंद थांबला तरच मोजतात, मुलांमध्ये दोन श्वासांइतका खंड पुरतो. मोठ्यांच्या लॅबमधून आलेला नवा सहकारी शेजारी मनात दहा मोजत होता; त्याला कोपराने ढोसलं. ऑक्सिजनचा आकडा जरा मागून येतो, तो आला: ९१, ८६, ७८. मग एक मोठा फुरफुरता श्वास. आकडा वर चढतोय तोच पुढचा खंड. आणि मेंदूच्या रेघांवर जाग जवळजवळ नाहीच! मुलांमध्ये असं पुष्कळदा होतं, म्हणून घरच्यांना ती गाढ झोप वाटते.

सकाळी आई म्हणाली, "मी रोज अकरापर्यंत बघते हो, काहीच होत नाही." रिपोर्ट डॉक्टरच सांगतात, आम्हाला बोलायची मुभा नसते. "हे अकराचं त्यांना नक्की सांगा," एवढंच म्हटलं.

तासाला १२ खंड निघाले. मुलांमध्ये एकाच्या वर गेलं तरी नॉर्मल धरत नाहीत, दहाच्या वर म्हणजे गंभीर. नाकातून दुर्बीण घातली तेव्हा अ‍ॅडेनॉइडने, म्हणजे टॉन्सिलसारख्याच गाठीने, नाकामागची वाट जवळपास बुजवलेली. टाळूच्या मागे, वर असतं ते. तोंडात टॉर्च मारून दिसत नाही. ऑपरेशन झालं. ऑक्सिजन ८० च्या खाली गेला होता, म्हणून त्या रात्री देखरेखीखाली ठेवलं.

काही महिन्यांनी पुन्हा स्टडी झाली, योगायोगाने माझ्याच पाळीत. तासाला दीड. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला आणि पुढची तारीख दिली. बाबा या खेपेला स्वतः कॉटवर झोपले होते. त्यांचं घोरणं माझ्या माइकवर रात्रभर येत होतं.