आमची वाटचाल: पेठा, हौद आणि एक नकाशा

आम्ही फक्त पुण्याच्या इतिहासाची पुस्तकं काढतो. पेठा, वाडे, हौद, पूल, बाजार. वडिलांचा नारायण पेठेत ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायच्या यंत्राचा, छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणेशोत्सवाच्या पावत्या निघायच्या. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, केसी आणि ती जुळवायच्या स्टिक, गॅल्या अजून माळ्यावर आहेत. भंगारवाला दरवर्षी विचारतो, मी देत नाही. खिळे लावणाऱ्या आमच्या जुळाऱ्याला ओळ कुठे सैल पडली ते बोटांनी कळायचं. संगणकावर पानं लावणाऱ्या मुलांना मी आजही सांगतो, प्रूफ कागदावर काढून वाचा, पडद्यावर चूक लपते.

पहिली पुस्तकं बरी खपली, पुढची वर्षं सुरळीत गेली. सांगायचं आहे ते कात्रजच्या नळाच्या पुस्तकाचं.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. शहरात ते हौदांतून लोकांना मिळायचं. वाटेत आत उतरून गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. त्यातले कित्येक आता रस्त्यांखाली आणि इमारतींखाली गेलेत. ते शोधून नकाशावर मांडायचे, हा आमचा हट्ट.

त्यात आमच्याबरोबर काका होते. पालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले, पहिल्या पुस्तकापासूनचे गिऱ्हाईक. प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती घेतात: एक कपाटात, एक खुणा करायला. सवलत कधी मागितली नाही. कुठल्या बोळात झाकण आहे, कुठल्या वाड्याच्या परसात, हे त्यांना पाठ. उन्हातान्हात आमच्या पुढे चालायचे.

आमचं पुस्तक आलं आणि थोड्याच महिन्यांत एका मोठ्या प्रकाशनाचं आर्ट पेपरवरचं जाडजूड रंगीत पुस्तक आलं. आत नकाशा आमचा. आम्ही शनिवारवाड्याकडून चालायला लागलो होतो, म्हणून उच्छ्वासांना क्रमांक तिकडून दिले होते. पाणी येतं उलट दिशेने. दुसऱ्या कुणी स्वतः नकाशा काढला असता तर तलावापासून मोजलं असतं. त्यांच्याकडे आमचाच एक नंबर, आमचाच दोन नंबर. हे आधी काकांनी पकडलं. ऋणनिर्देशात आमचा उल्लेख नव्हता. जाब विचारला तर म्हणाले, माहिती सार्वजनिक आहे. असेल. पायपीट आमची होती, आणि ती गोष्ट मी आजही विसरलेलो नाही.

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून आमचे गठ्ठे परत येऊ लागले. कागदवाल्याची उधारी, बाइंडरचे पैसे, वर कोर्टकचेरीची ऐपत नाही. छपाईचं यंत्र विकायची बोलणी झाली होती. तेव्हा पुढच्या पुस्तकाचं हस्तलिखितही पुरं नसताना काका पावतीपुस्तक घेऊन निघाले. कसबा, शनिवार, सदाशिव, ओळखीच्या घराघरांतून प्रकाशनपूर्व नोंदणी आणली. त्या पैशांत कागदवाला शांत झाला आणि यंत्र वाचलं.

आपल्या गावाच्या इतिहासावर पुस्तकं काढायची असतील तर माझं ऐका. पेशवे दफ्तरात जुने कागद चाळायला बसायच्या आधी मोडी सराईतपणे वाचणारा माणूस गाठा. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीचा खर्च टाळू नका, अभ्यासक आधी तीच उघडतो. पहिली आवृत्ती पाचशेच्या वर नको. नकाशाकाराचे पैसे आधी द्या, लेखकाचे मागून. आणि कुणाच्या घरी जुने कागद दिसले तर त्याच दिवशी फोटो काढा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांत घरंच्या घरं गेली; आतल्या ट्रंकांत काय होतं ते आता कोण सांगणार?

नळाच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आता आली आहे. नकाशाखाली काकांचं नाव ठळक टायपात घातलंय. क्रमांक तलावापासून द्यावेत असं लेखकाचं मत होतं. मी शनिवारवाड्यापासूनच ठेवले.