खंड्याला देऊन का टाकत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे येणारा, आणि हल्ली यायचं टाळणाराही, एकदा तरी विचारतोच: "खंड्या एवढा चावरा झालाय, मग कुणाला तरी देऊन का टाकत नाही?"

कुणाला देऊ? भांडायला म्हणून विचारत नाही. चावरा कुत्रा दुसऱ्या घरी गेला की चावणं त्याच्यासोबतच जातं. आमच्या घरात निदान सगळ्यांना ठाऊक आहे, तो चावण्याआधी काय करतो ते. तिथे कुणालाच नसेल. लपवून दिला तर ती शुद्ध फसवणूक, आणि खरं सांगितलं तर घेणार कोण? "लांब कुठेतरी सोडून या" म्हणणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही.

पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, एवढा लाडका कुत्रा एकाएकी असा कसा झाला? एकाएकी नाहीच झाला. तो झोपलेला असताना कुणी जवळून गेलं की आधी त्याचं तोंड मिटतं. अंग ताठरतं. मान जागची हलत नाही, फक्त डोळे तुमच्याकडे वळतात, इतके की कडेचा पांढरा भाग दिसतो. मग ओठ चाटतो. गुरगुर त्याच्याही नंतर. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा, पण तेवढ्यात माणूस मागे सरू शकतो. म्हणून आमच्याकडे त्याच्या गुरगुरण्यावर ओरडायला सक्त मनाई आहे. लोकांना हे भलतंच वाटतं. "दोन फटके द्या, मालक कोण ते कळू दे," असं सुचवणारे पुष्कळ. मार खाऊन कुत्रा गुरगुरणं सोडेल हो, पण चावणं सोडेलच असं नाही. मग पुढचा चावा इशाऱ्याशिवाय. शिवाय हे 'कळपाचा म्होरक्या' प्रकरण मुळात १९४७ साली कोंडून ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आलेलं. ते आपल्या पुस्तकातून घरोघरी पोचवणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. पण फटके सुचवणाऱ्यांपर्यंत ते अजून पोचलेलं दिसत नाही.

खंड्याच्या बाबतीत दुखणं निघालं. कमरेच्या सांध्यांत संधिवात, आणि मागून हात लावला की कळ. कान, दात, थायरॉइड, अधू होत चाललेली नजर, असं काहीही असू शकतं, म्हणून आधी डॉक्टर, ट्रेनर नंतर. वागणं झटकन पालटलं असेल तर रेबीजची शंकाही तिथेच फेडून घ्यावी. त्याला वेदनेवर गोळी सुरू झाली, भीतीवर फ्लुऑक्सेटिन. ते अंगी लागायला काही आठवडे जातात. फरक पडला, पण पूर्वीचा खंड्या परत आला नाही.

बाकी सगळा भार दारांवर आहे. पाहुणे आणि तो यांच्यामध्ये कायम दोन अडसर: बंद दार आणि पट्टा, किंवा दोन दारं. एक कुणीतरी विसरतंच. भाची आली की तो आतल्या खोलीत, कडी लावून. "मी लक्ष ठेवते ना" याला आम्ही बंदोबस्त मानत नाही, कारण फोन वाजला की लक्ष गेलंच. बाहेर जाताना तोंडाला जाळी, टोपलीसारखी, जिच्यातून त्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. तोंड आवळून बंद करणारी कापडी पट्टी फिरायला जाताना नको, धापा टाकता आल्या नाहीत तर कुत्र्याला उष्मा चढतो. जाळीच्या तळाशी खाऊ ठेवून सवय लावली. आता स्वतःच नाक खुपसतो. इतकं करूनही मध्यंतरी नवऱ्याच्या मनगटाला चावला. नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुतलं आणि तडक दवाखाना गाठला. लस घेतलेला घरचा कुत्रा म्हणून ते टाळायचं नसतं.

सगळ्यात अवघड जातं ते त्याला मिठी न मारणं. तो स्वतः येऊन पायाशी टेकतो, तेवढंच. मी हात खालीच ठेवते.

आणि उद्या हेही पुरलं नाही तर? तेही डॉक्टरांसोबत बसून, घरात शांतता असताना, ठरवून ठेवलंय. इशारा न देता चावू लागला, दुखणं औषधाला दाद देईनासं झालं, किंवा आम्हालाच हा बंदोबस्त झेपेना, तर इंजेक्शन देऊन त्याला निरोप द्यायचा, आणि तेव्हा जवळ आम्हीच असायचं. त्यावरही लोक नावं ठेवतील. ठेवू देत.

तोवर येताना फोन तेवढा करा. त्याला आत न्यायला दोन मिनिटं लागतात.