आजोबांची लाठी

आज वडोद्याच्या दांडिया बाजारात मामांकडे गेलो असता आजोबांची भरीव बांबूची लाठी प्रथमच हातात घेतली. वर्षानुवर्षे तेल पिऊन ती गडद तपकिरी झाली आहे आणि टोकाच्या लोखंडी शेंबीवर दगडावर आपटल्याचे ओरखडे अजून स्पष्ट दिसतात. पेरी जवळजवळ असलेला भरीव बांबू लवतो पण सहजासहजी मोडत नाही, हे मामांनी ती वाकवून दाखवले. लंडनच्या पोलिसांना १८२९ पासून मिळालेला आखूड लाकडी दंडुका कोटाच्या मागच्या खिशात दडवलेला असे आणि सुरुवातीच्या दंडुक्यांवर रंगवलेले राजचिन्ह हीच अधिकाराची खूण मानली जाई. आपल्याकडे मात्र त्याच ब्रिटिश राजवटीच्या पोलिसांनी लांब लाठी उघडपणे जमावावर चालवली. १९२८ मध्ये लाहोरला लाला लजपतराय अशाच लाठीमारात जखमी झाले, हे आठवून मन अजूनही पेटते. त्या काळात आपल्या वडोद्यात प्रोफेसर माणिकराव हे जुम्मादादा व्यायाममंदिरात तरुणांना देशी व्यायामाबरोबर लाठीही शिकवत होते, याचा मला फार अभिमान वाटतो. ज्यांच्या माळ्यावर अशा लाठ्या पडून असतील, त्यांनी त्यांना वाळवी लागू न देता जवसाचे तेल देऊन कोरड्या जागी ठेवावे, ही कळकळीची विनंती.