बीट खाऊन खाऊन मावशी कटाळली

"आता किडनीचा आन रक्ताचा काय संबंध ओ डॉक्टरसाहेब?" मावशीनं आज परभणीत दवाखान्यात असं काही इचारलं की डॉक्टर पण हसायले.

हिमोग्लोबिन ७.५. बाई कधीपासून बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे खायलीय, पर्समधी पण खजुराची पुडी, अन् आकडा काही हलंना.

डॉक्टर म्हणले मावशी, माल हाय पण ऑर्डरच जाईना. लाल पेशी बनतात बोन मॅरोत, म्हणजे मणके, बरगड्या, कंबरेच्या हाडात, पण बनवा म्हणून सांगती किडनी, ऑक्सिजन कमी पडला की ती एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन सोडती. मावशीची किडनीच थकलेली, मग सांगावं कुणी? (आता त्याचंच इंजेक्शन लिहून दिलंय.)

मी तर गाडीवर येताना तेच इचार करायलो. चांगल्या माणसात सेकंदाला २० लाखाच्या आसपास नव्या पेशी, एकेक जगती १२० दिवस, अन् रक्तात उतरायच्या आधी स्वतःचं केंद्रकच (पेशीचा मधला गाभा) फेकून देती, हिमोग्लोबिनला जागा पाहिजे म्हणून!

आपल्याकडं रक्त कमी म्हणलं की बीट नाहीतर टॉनिकची बाटली, किडनी कशी चाललीय ते सांगणारं क्रिएटिनिन कोण तपासतंय? तुमच्या घरी कुणाचं असं खाऊनपिऊन बी वाढंना झालंय का, अन् शेवटी कारण काय निघालं?